फटफटीचा कार्ब्युरेटर आणि घरचा मेकॅनिक

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट इंग्रजी अमदानीत फिट्झजेराल्ड घाट म्हणून ओळखला जाई. सुमारे ४० किलोमीटरच्या या रस्त्यावर आपण कोकणच्या सखल भागातून निघून समुद्रसपाटीपासून १,३७० मीटर उंचीवर पोचतो. खडा चढ, तितकाच लांब उतार, धुके आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने न उघडणारे आभाळ. मोटरसायकलच्या इंजिनाची परीक्षा घ्यायला याहून सोयीची प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डोंगरवाड्यांवर शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाला मोटरसायकल ही चैन नाही. ती बंद पडली की शाळेची घंटा उशिरा वाजते.

१ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज ६ ही प्रदूषण-मर्यादा लागू झाली आणि नव्या मोटरसायकलींमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा इंधन-अंतःक्षेपणाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘इंजेक्शन’ने घेतली. तेव्हापासून एक तक्रार या भागात आम्ही अनेकदा ऐकली आहे. इंजेक्शनची गाडी सहसा बंद पडत नाही, पण पडलीच तर रस्त्यावर काही करता येत नाही, टेम्पोत घालूनच न्यावी लागते. कार्ब्युरेटरची गाडी मात्र पाना आणि पेचकस असला की घरी दुरुस्त व्हायची. या तक्रारीत खरे किती, हे ठरवायचे तर कार्ब्युरेटर आला कसा आणि गेला का, हे पाहावे लागेल.

टोपीच्या टाचणीपासून

इंजिनाला पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलच्या उघड्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेने भरून घेत. कार्ल बेंझची पत्नी बर्था हिने ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइम ते फोर्टझाइम हा शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला, तो असल्याच गाडीतून. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. इंधन संपले, ते औषधाच्या दुकानातून विकत घेतले. घरच्या मेकॅनिकांचा इतिहास लिहायचा झाला तर पहिले नाव या बाईंचे घालावे लागेल. आमच्याकडे कार्ब्युरेटरचे जेट बारीक तारेने साफ करणारे जे असंख्य हात आहेत, ते सारे बर्थाबाईंच्याच परंपरेतले. (पितळी जेटमध्ये तार घालू नये. भोक हळूहळू मोठे होते आणि गाडी पेट्रोल जास्त खाऊ लागते. फुंकर किंवा हवेचा दाब पुरे.)

विल्हेल्म मायबाख याने १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्ब्युरेटर बनवला. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका हेही त्याच सुमारास त्याच कल्पनेवर पोचले होते. कल्पना सोपी आहे. हवेचा मार्ग एका ठिकाणी अरुंद केला की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. हा बर्नोलीचा नियम शाळेत शिकवतोच. त्या कमी दाबाच्या जागी बारीक नळी ठेवली, तर तरंगत्या फ्लोटने पातळी राखलेल्या वाटीतले पेट्रोल आपोआप वर खेचले जाते आणि फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. हवा जास्त गेली तर पेट्रोलही जास्त जाते. कुठे तार नाही, विजेचा संबंध नाही, गणित करणारे कोणी नाही. निव्वळ दाबाच्या फरकावर चालणारे हे यंत्र सव्वाशे वर्षे टिकले, आणि आमच्या मते ती त्याच्या गुणवत्तेला मिळालेली योग्य पावती आहे.

परंतु या साधेपणात एक दोष दडलेला होता, आणि तो उघडा पाडायला आंबेनळी घाट उत्तम आहे. इंजिन दर फेरीला हवेचे ठरावीक आकारमान ओढते. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे त्या आकारमानात हवेचे वस्तुमान कमी भरते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८७ टक्के असते. म्हणजे हवा १३ टक्क्यांनी घटली. पेट्रोलही तितकेच घटले असते तर तक्रार नव्हती. पण पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो आणि दाबाचा फरक घनतेच्या प्रमाणात. म्हणून पेट्रोल घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांनीच घटते. परिणामी मिश्रणात पेट्रोल प्रमाणापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त होते. पोलादपूरला १४.७ असलेले गुणोत्तर महाबळेश्वरला १३.७ च्या आसपास येते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. वर्गमूळ कुठे उपयोगी पडते, असा प्रश्न वर्गात नेहमी येतो.

आता गंमत अशी की या ७ टक्क्यांनी चालवणाऱ्याला फारसा त्रास होत नाही. किंचित जास्त पेट्रोल असलेले मिश्रण ताकदीला उलट बरेच असते. घाटात गाडीला जो दम लागतो तो मुख्यतः हवाच कमी मिळाल्यामुळे, आणि त्यावर इंजेक्शनपाशीही औषध नाही. ‘इंजेक्शनची गाडी घाटात जास्त ओढते’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याला ही हवा कुठून आणली, हे विचारावे. मात्र कार्ब्युरेटर आधीच चुकीचा लावलेला असेल, तर वर पोचेपर्यंत प्लग काळा पडतो आणि गाडी अडखळू लागते.

कानाने लावायची गाडी

आपल्याकडे १९६० आणि १९७० च्या दशकांत बुलेट, जावा, राजदूत आणि पुढे येझदी या मोटरसायकली व बजाजच्या स्कूटर रस्त्यावर होत्या. खेड्यातल्या मध्यमवर्गाच्या दारात मोटरसायकल आणली ती १०० सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्यांनी. १९८४-८५ च्या सुमारास सुझुकी, यामाहा आणि होंडा यांच्या भागीदारीतल्या गाड्या येथे बनू लागल्या. त्यांतली १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० ही चार धक्क्यांची, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे न लागणारी गाडी पुढच्या पिढीची आई ठरली.

या गाड्यांबरोबर एक ज्ञानपरंपरा तयार झाली. चोक किती ओढायचा, गाडी ‘ओव्हर’ झाली तर प्लग काढून किती किका मारायच्या, पावसाळ्यात फ्लोटच्या वाटीत पाणी साचले की खालचा स्क्रू ढिला करून ते कसे सोडायचे, हे मुलगा बापाकडून शिकत असे. मिश्रणाचा स्क्रू फिरवत इंजिनाचा आवाज कुठे सर्वांत जलद आणि गोल होतो, ते कानाने ओळखणारे मेकॅनिक महामार्गावरच्या प्रत्येक नाक्यावर होते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते. ते खरे होते, पण त्याचा एकच निकष होता: गाडी चालते ना? धुराड्यातून काय बाहेर पडते, हे कानाला कळत नाही.

इंजेक्शनचा लांबचा रस्ता

पेट्रोल दाबाखाली फवारण्याची कल्पना काही नवी नव्हती. फ्रान्समध्ये लेव्हाव्हासर याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच आंत्वानेत या विमान-इंजिनात ती वापरली होती. तिची निकड खऱ्या अर्थाने कळली ती दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटचा कार्ब्युरेटर होता. विमानाचे नाक एकदम खाली केले की वाटीतले पेट्रोल वर उसळे आणि इंजिन क्षणभर बंद पडे. जर्मन मेसरश्मिट विमानांच्या इंजिनांत बॉशची इंजेक्शन-पद्धत होती, त्यामुळे ती सूर मारून निसटत. यावर ब्रिटनमधल्या बिअट्रिस शिलिंग या अभियंता स्त्रीने १९४१ मध्ये उपाय काढला: इंधनाच्या मार्गात भोक पाडलेली एक छोटी चकती. पूर्ण इलाज नव्हे, पण लढाईपुरता पुरेसा. या शिलिंगबाई स्वतः मोटरसायकलच्या शर्यती करत. ब्रुकलँड्‌सच्या धावपट्टीवर नॉर्टन गाडीवर त्यांनी तासाला १०० मैलांच्या वर वेग गाठला होता, हे येथे सांगायलाच हवे.

रस्त्यावरच्या गाड्यांत इंजेक्शन आले ते मात्र धुरामुळे. कॅलिफोर्नियातल्या हवेच्या प्रदूषणावर कायदे कडक होऊ लागले आणि १९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत लॅम्डा संवेदक आला. झिर्कोनियाचा हा तुकडा धुराड्यात बसून प्राणवायू शिल्लक आहे की नाही ते सांगतो. पेट्रोल जास्त झाले तर तो सुमारे ०.९ व्होल्ट देतो, कमी झाले तर ०.१ व्होल्ट. धुराड्यातला उत्प्रेरक तीन विषारी घटक एकाच वेळी नष्ट करतो, पण मिश्रण १४.७ च्या अगदी जवळच्या अरुंद पट्ट्यात राहिले तरच. आंबेनळीच्या माथ्यावरचे ते ७ टक्के आठवा. चालवणाऱ्याच्या लक्षातही न येणारी ती चूक उत्प्रेरकाला निकामी करायला पुरेशी आहे. कार्ब्युरेटर हरला तो गाडी चालवण्यात नव्हे, येथे.

मोटरसायकलींत १९८० मध्ये कावासाकीने आणि १९८३ मध्ये बीएमडब्ल्यूने के १०० या गाडीत इंजेक्शन आणले. त्या मोठ्या, महाग गाड्या. छोट्या इंजिनाची अडचण वेगळी होती. १०० सीसीचे इंजिन संथ चालताना, मिनिटाला १,५०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला साधारण साडेबारा वेळा अगदी थेंबभर पेट्रोल मोजून सोडायचे. इतक्या लहान मात्रेची अचूक झडप स्वस्तात बनवायला आणखी वीस वर्षे गेली.

भारतात २००६ मध्ये हिरो होंडाने १२५ सीसीची ग्लॅमर इंजेक्शनसह बाजारात आणली. २००७ मध्ये बजाजची पल्सर २२० आली, तीही इंजेक्शनची. पुढे जे झाले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २००९ मध्ये बजाजने त्याच पल्सरचे इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवला, गाडी स्वस्त केली, आणि ती जोरात खपली! तंत्रज्ञान सरळ रेषेत पुढे जाते, हा समज किती भाबडा आहे याचे याहून चांगले उदाहरण देशी इतिहासात शोधावे लागेल. गिऱ्हाइकाने इंजेक्शन नाकारले होते. २०२० मध्ये ते आले ते कायद्याने. भारत स्टेज ५ ही पायरी वगळून थेट सहावर उडी मारली गेली, नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला ६० मिलिग्रॅमवर आली, आणि कार्ब्युरेटरला तिथे पोचणे जवळजवळ अशक्य झाले. तरीही बजाजने काही लहान गाड्यांत विजेवर नियंत्रित होणारा कार्ब्युरेटर वापरून त्याचा आणखी थोडा काळ निभाव लावला.

बंद पडते म्हणजे काय होते?

आता मूळ तक्रारीकडे येऊ. कार्ब्युरेटर आजारी पडत असे. आधी गाडी अडखळे, मग पेट्रोल जास्त खाई, सकाळी किकेला रुसे. मालकाला आठ-पंधरा दिवस सूचना मिळत. इंजेक्शनच्या गाडीत संगणक लहानसहान बिघाड स्वतःच सांभाळून घेतो. तापमानाचा किंवा लॅम्डाचा संवेदक बिघडला तर तो ठरावीक आकडा गृहीत धरून गाडी चालू ठेवतो आणि फक्त पिवळा दिवा लावतो. तो दिवा दुर्लक्षिला जातो. मग मोजक्या चार-पाच गोष्टींपैकी एखादी गेली की गाडी एकदम थांबते. त्या गोष्टी अशा: बॅटरी व फ्यूज, टाकीतला पंप, इंजेक्टर, क्रँकच्या फेऱ्या मोजणारा संवेदक, आणि गाडी आडवी पडल्यास इंजिन बंद करणारा संवेदक. यादी लांब नाही, हे महत्त्वाचे.

यांतले बरेचसे घरी तपासता येते. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद टाकीतून बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. तो पंप दाब तयार करत असतो, वातावरणाच्या दाबाच्या साधारण तिप्पट. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि बॅटरीचे टोक पाहावे. कोकणात निम्म्या वेळा दोष तारांच्या जोडणीवर आलेल्या हिरव्या गंजाचा निघतो, असा आमचा अनुभव आहे. बॅटरी उतरलेली असेल तर बहुतेक गाड्यांत धक्का मारूनही उपयोग नसतो, कारण पंपालाच वीज मिळत नाही. हा पंप सभोवतालच्या पेट्रोलमुळे थंड राहतो. म्हणून नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय, जी कार्ब्युरेटरला चालत असे, ती येथे महागात पडते. हवेचा फिल्टर वेळेवर बदलणे आणि बॅटरी जपणे, एवढ्यानेच अर्धी काळजी मिटते.

घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणाऱ्यांनीही सवय बदलावी. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरताना संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा ब्रेक मात्र जातो.

दिव्याची भाषाही घरच्या मेकॅनिकला वाचता येते. अनेक गाड्यांत निदानाच्या जोडणीतल्या पुस्तिकेत सांगितलेल्या दोन तारा जोडल्या की पिवळा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे १२. होंडाच्या अनेक गाड्यांत हा आकडा इंजेक्टरचा असतो. कुठलाही बिघाड-क्रमांक ‘हा भाग बदला’ असे सांगत नाही. ‘या तारेवर अपेक्षित संदेश येत नाही’ एवढेच तो सांगतो. भाग बदलण्याआधी मल्टिमीटर लावावा. तो आज कार्ब्युरेटरच्या संचापेक्षा फार महाग नाही.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या महापुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही माणसे दरडीखाली गेली. त्या दुःखापुढे वाहनांची गोष्ट क्षुल्लक आहे, पण बुडालेली गाडी पुन्हा चालू होण्यावर कित्येक घरांचा रोजगार अवलंबून असतो. पुरातून निघालेल्या गाडीचे स्टार्टरचे बटण आधी दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. प्रथम बॅटरी सोडवावी, मग प्लग काढून किकेने किंवा मागचे चाक फिरवून पाणी बाहेर घालवावे, ऑइल बदलावे आणि टाकी रिकामी करावी. येथवर दोन्ही प्रकारच्या गाड्या सारख्याच. पुढे कार्ब्युरेटर धुऊन पुसला की काम संपे, इंजेक्शनच्या गाडीत मात्र प्रत्येक जोडणी उघडून वाळवावी लागते. संगणकाचा डबा बहुधा राळेने भरलेला असल्याने तगतो. त्याच्या पिना तगत नाहीत.

टाकी रिकामी करण्याचे आणखी एक कारण अलीकडचे आहे. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाणी शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले की पाणी व इथेनॉलचा जड थर तळाशी वेगळा होतो, नेमका जिथे पंपाचे तोंड असते. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. इंजेक्शनची गाडी लॅम्डा संवेदकाच्या आधाराने हा फरक भरून काढते. जुनी कार्ब्युरेटरची गाडी पोलादपुरात आठ-नऊ टक्के हवा जास्त घेऊन तापते, आणि महाबळेश्वरला पोचल्यावर विरळ हवेमुळे तिचे गणित जवळजवळ आपोआप जुळते! अर्थात यासाठी कोणी डोंगरावर राहायला जाणार नाही.

खरी अडचण उरते ती निराळीच. काही गाड्यांचा संगणक उघडून वाचायला कंपनीचेच यंत्र आणि कंपनीचाच परवलीचा शब्द लागतो. संवेदक बदलल्यावर शून्याची खूण पुन्हा घालायची तरी नाक्यावरच्या गॅरेजला ते जमत नाही. हा भौतिकशास्त्राचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. २०२३ पासून दुचाकींनाही निदानाचे अधिक कडक नियम लागू झाले. अनेक नव्या गाड्यांत सीटखाली सहा पिनांची जोडणी असते, आणि तिला लावायचे साधे वाचक-यंत्र खुल्या बाजारात मिळते. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून असे एक घेतले तर ते परवडते.

शाळांसाठी एक सुचवावेसे वाटते. भंगारात आता कार्ब्युरेटर वजनावर मिळतात. एखादा आणून, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन, वर्गात उघडावा. फ्लोटच्या वाटीत लाल शाईचे पाणी भरावे आणि तोंडाशी सायकलचा पंप न लावता, उलट बाजूने घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने क्षणभरच हवा ओढावी. शाई ओढली जाईल म्हणून मध्ये ओल्या फडक्याचा जाड बोळा ठेवावा. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर शाईच्या पाण्यात एक नळी उभी धरून तिच्या टोकावरून दुसऱ्या नळीने जोरात फुंकले तरी तोच फवारा दिसतो.